ट्रिगर बिघडलेली जुनी रायफल: दुरुस्ती घरात नको, तपासणी जिल्ह्यात हवी

२१ ऑगस्ट २०१९. बिहारच्या सुपौल जिल्ह्यात माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार सुरू होते. मुख्यमंत्री नितीशकुमार हजर होते. मानवंदनेसाठी पोलिसांनी २२ रायफली आकाशाकडे रोखल्या, आदेश झाला, ट्रिगर दाबले गेले. एकही बार उडाला नाही. पुन्हा प्रयत्न झाला, तरी शांतताच. व्हिडिओ देशभर फिरला आणि मोबाइलवर सगळ्यांचं एकच मत झालं: पोलिसांच्या रायफली सडल्यात.

या निष्कर्षाशी मी सहमत नाही. २२ रायफलींचे ट्रिगर एकाच सेकंदाला बिघडत नाहीत. एखादी रायफल गंजेल, दुसरीची स्प्रिंग मेलेली असेल, तिसरीत माती अडकली असेल. पण बावीसच्या बावीस एकदम गप्प बसल्या तर संशय सगळ्यांत सारखी असलेल्या गोष्टीवर घ्यावा लागतो. मानवंदनेत ती गोष्ट म्हणजे काडतूस. एकाच पेटीतली, एकाच दमट कोठडीत पडून राहिलेली रिकामी, म्हणजे बिनगोळीची काडतुसं. मोटार चालू होत नाही म्हणून आपण आधी पंप उघडत नाही, आधी लाइट आहे का ते बघतो. बंदुकीबाबत मात्र पहिला हात ट्रिगरकडे जातो आणि तिथूनच गडबड सुरू होते.

हे हिंगोलीच्या वाचकांना का सांगायचं? कारण बंदूक या जिल्ह्याला नवी नाही. हिंगोली ही निजामाच्या काळातली हैदराबाद कंटिंजंटची छावणी. तोफखाना, रिसाला बाजार, पलटण, पेन्शनपुरा ही शहरातल्या भागांची नावं त्या छावणीतूनच आली. आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ इथेच आहे. गावागावांत माजी सैनिक आहेत. त्यातले काही परवान्याची बंदूक घेऊन बँकेच्या दारात किंवा एटीएमच्या गाडीवर नोकरी करतात. काही घरांत आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर आलेली बारा बोअर किंवा रायफल कपाटात असते, दसऱ्याला हळदकुंकू लावण्यापुरती बाहेर निघते. आणि रोही, रानडुकरांनी सोयाबीन, हरभरा, हळदीचं रान उधळलं की त्या कपाटाची आठवण पुन्हा येते.

अशी बंदूक दहा वर्षांनी बाहेर काढली, ट्रिगर दाबला आणि तो अडकला, किंवा ढिला पडला, किंवा न दाबताच सुटला, तर माणूस काय करतो? पूर्वी गावातल्या लोहाराकडे जायचा. आता युट्यूब उघडतो. कानशीच्या चार घासांत 'मक्खनसारखा' ट्रिगर करून दाखवणारे व्हिडिओ तिथे भरपूर आहेत. हा लेख त्या व्हिडिओंच्या विरोधात आहे, आणि थोडा सरकारच्याही.

चाप, घोडा, ट्रिगर: नेमकं काय?

मराठीत या शब्दांची सरमिसळ आहे. बोटाने ओढतो तो चाप, म्हणजे ट्रिगर. जुन्या ठासणीच्या बंदुकीवर किंवा रिव्हॉल्व्हरवर मागे जो तुकडा उभा राहून पुढे आपटतो तो घोडा. बोलताना आपण 'घोडा दाबला' म्हणतो तेव्हा दाबलेला असतो चाप, आपटतो घोडा. या दोघांच्या मध्ये एक तिसरा भाग असतो. त्याला बोलीत नाव नाही, कारण तो दिसत नाही. त्याला सिअर म्हणतात. बहुतेक बिघाड याच बिननावाच्या भागाशी येऊन थांबतात.

उंदराचा जुना लाकडी सापळा आठवा. जोरदार स्प्रिंग ताणलेली असते, आणि ती सगळी ताकद एका बारीक तारेच्या टोकावर अडवलेली असते. उंदीर आमिषाला फक्त धक्का देतो. मारायची ताकद त्याची नसते, ती स्प्रिंगमध्ये आधीच साठवलेली असते. रायफलीचं अगदी तसंच. बोल्ट पुढे ढकलला की मागची दट्ट्यासारखी जोडणी सिअरवर अडकून मागेच राहते, स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की सिअर खाली सरकतो, स्प्रिंग सुटते, फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावर आदळते. तुमचं बोट गोळी मारत नाही, ते फक्त कडी काढतं.

ही कडी जिथे अडकते तो पोलादाचा पृष्ठभाग जेमतेम तांदळाच्या दाण्याच्या रुंदीइतका असतो. त्याचा कोन, त्याची गुळगुळीतता, त्याचा कडकपणा यावर सगळं अवलंबून. कोन जरा पुढे झुकला की कडी आपोआप निसटू पाहते. मागे झुकला की चाप दगडासारखा जड होतो.

आपल्याकडे नागरिकांच्या हातात दिसणारी ओळखीची रायफल म्हणजे .३१५ बोअरची, पश्चिम बंगालमधल्या इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीची. .३०३ हा लष्करी बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाही, म्हणून वेगळ्या काडतुसाची ही रायफल निघाली. पण आतली रचना ली-एनफिल्डचीच, म्हणजे पोलीस चित्रपटांतून आपल्याला पाठ झालेल्या 'थ्री नॉट थ्री'ची. ते मूळ मॉडेल १९०७ सालचं. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ ला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. शंभर वर्षांहून जास्त टिकलेली रचना वाईट असू शकत नाही, आणि ती नाहीच. फक्त तिची एक खोड आहे.

लाकूड फुगतं, चाप बदलतो

ही खोड मला सगळ्यात रंजक वाटते, म्हणून थोडं थांबतो.

जुन्या ली-एनफिल्डमध्ये सिअर रायफलीच्या पोलादी अंगाला जोडलेला असतो. पण चाप मात्र खालच्या गार्डला, म्हणजे बोट आत जातं त्या कडीला टांगलेला असतो. आणि गार्ड व पोलादी अंग यांच्या मध्ये असतं लाकूड. म्हणजे ज्या दोन भागांनी एकमेकांशी केसभराच्या अंतराने बोलायचं, त्यांच्या मध्ये एक झाड उभं आहे.

लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. आपल्या वाड्याचे दरवाजे श्रावणात अडकतात आणि मे महिन्यात खडखडतात, त्यात नवल ते काय! हिंगोलीत उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. दस्त्याचं लाकूड वर्षानुवर्षं हा खेळ खेळतं. मग गार्ड वर-खाली होतो, त्याच्यासोबत चाप, आणि चाप-सिअरचं नातं बदलतं. नेहमी दोन टप्प्यांत ओढला जाणारा चाप एका टप्प्यात सुटायला लागतो.

दोन टप्पे म्हणजे काय, तर या रायफलीचा चाप आधी साधारण दीड किलोच्या ताणाने सैलसर मागे येतो, मग थांबल्यासारखा वाटतो आणि पुढे साधारण अडीच किलोच्या ताणाला सुटतो. तो मधला थांबा सैनिकाला सांगतो की आता पुढे गेलास तर बार उडेल. लाकडाने तो थांबा खाल्ला तर इशारा गेला. इंग्रजांच्या हे लक्षात आलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुधारित मॉडेलमध्ये त्यांनी चाप गार्डवरून काढून थेट पोलादी अंगाला टांगला. इच्छापूरने मात्र आधीच्याच मॉडेलची परंपरा चालवली. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या रायफलीत झाड अजून मध्ये उभं आहे.

आता विचार करा. असा चाप हलका सुटतोय म्हणून कुणी सिअरवर कानस मारली, तर त्याने काय दुरुस्त केलं? बिघाड लाकडात होता. त्याने चांगलं पोलाद बिघडवलं.

आणि पोलादही साधं नसतं. लोहार कोयत्याच्या धारेला पाणी देतो, तसं सिअरच्या तोंडाला कडक केलेलं असतं. बऱ्याचदा ही कडक साल मिलिमीटरच्या काही भागाइतकीच असते, आतलं पोलाद मऊ. कानशीने साल गेली की पहिले काही दिवस चाप लोण्यासारखा चालतो. व्हिडिओ तिथेच संपतो. पुढे मऊ पोलाद रोजच्या घासाने झिजतं, कोन गोल होतो, आणि एक दिवस बोल्ट जोरात लावला एवढ्यावर कडी निसटते. ते दाखवायला कुणी कॅमेरा लावून बसत नाही.

खोबरेल तेलाचा प्रताप

दुसरं कारण याहून साधं आहे आणि आपल्या घरातलंच आहे. बंदूक वर्षातून एकदा पुसायची तर हाताशी जे तेल असेल ते लावलं जातं. देव्हाऱ्यातलं, शिलाई मशीनचं, नाहीतर खोबरेल. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, हे डिसेंबरात बाटली चुलीजवळ ठेवणाऱ्या कुठल्याही आजीला ठाऊक असतं. मग बोल्टच्या आत, स्प्रिंगभोवती गेलेलं तेच तेल पहाटे शेतावर काय करत असेल? ते मेणासारखं होतं. फायरिंग पिन पुढे जाते पण जोर मरतो, काडतुसाच्या बुडावर नुसता ओरखडा उमटतो. 'खट्' आवाज येतो, बार उडत नाही, आणि मालक म्हणतो ट्रिगर गेला. ट्रिगरने आपलं काम केलेलं असतं.

खाद्यतेलाचं आणखी एक आहे. ते हवेत राहून चिकट होतं, चिवट पिवळा थर धरतं, त्यावर धूळ बसते. कढईच्या बाहेरचा थर घासताना जे कष्ट पडतात तोच थर सिअरच्या खिळीभोवती बसला, तर सिअर खाली गेल्यावर वर यायला वेळ लावतो. हा बिघाड सर्वांत धोकादायक. कारण तो कधी दिसतो, कधी दिसत नाही.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. रेमिंग्टन कंपनीची मॉडेल ७०० ही शिकाऱ्यांची लाडकी रायफल १९६२ साली आली. तिचा ट्रिगर त्याआधीच, १९४० च्या दशकात तयार झालेला. त्यात चाप आणि सिअर यांच्यामध्ये एक सुटी पट्टी होती. चाप ओढला की पट्टी पुढे, सोडला की मागे. पण मध्ये धूळ, गंज किंवा घट्ट झालेलं तेल आलं तर पट्टी पूर्ण मागे यायची नाही. सेफ्टी लावलेली असेपर्यंत सगळं ठीक वाटायचं. सेफ्टी काढली की चापाला हात न लावता बार. २००० साली मोंटाना राज्यात एका आईने बंदूक रिकामी करण्यासाठी सेफ्टी काढली आणि सुटलेल्या गोळीने तिचा ९ वर्षांचा मुलगा गेला. ट्रिगर ज्याने आखला त्या अभियंत्यानेच फार पूर्वी जास्त सुरक्षित रचना सुचवली होती, दर बंदुकीमागे खर्च साडेपाच सेंट, हे नंतर कागदपत्रांतून बाहेर आलं. कंपनीने दोष शेवटपर्यंत मान्य केला नाही, पण सुमारे ७५ लाख बंदुकांचे ट्रिगर बदलून देण्याचा समझोता तिला करावा लागला.

इंजिनिअरिंगच्या वर्गात हे प्रकरण शिकवायला हवं होतं. आम्हाला चार वर्षांत स्प्रिंगचे गुणांक पाठ करायला लावले, पण स्प्रिंग धुळीत कशी हरते याचा एकही धडा नव्हता.

घरात बसून काय ओळखता येतं?

बरंच काही, आणि तेवढं ओळखणं पुरे.

सगळ्यात आधी बंदूक रिकामी. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. बोल्ट काढता येत असेल तर काढून नळीतून आरपार उजेड बघायचा, फक्त 'रिकामीच आहे' या आठवणीवर विसंबायचं नाही. पोरंबाळं, पाहुणे, मोबाइल बाजूला. मग लक्षणाकडे बघा.

चाप दाबला, 'खट्' झालं, बार नाही. इथे दोष बहुधा काडतुसाचा, तेलाचा किंवा थकलेल्या स्प्रिंगचा. शेतात असं झालं तर लगेच बोल्ट उघडू नका. काडतूस कधीकधी उशिरा पेटतं. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा-एक मिनिट तसंच थांबायचं. बोल्ट घाईने उघडला आणि तेव्हा ते पेटलं तर स्फोट तोंडाशी होतो.

चाप मागे गेला आणि तिथेच राहिला, किंवा लोंबतोय, तर घाण, गंज किंवा मोडकी स्प्रिंग. चाप एकदम जड झालाय आणि पावसाळ्यातच होतो, तर लाकडावर संशय घ्या. ही दोन्ही लक्षणं कारागिराला सांगितली की त्याचं अर्धं काम होतं. डॉक्टरला 'रात्रीच दुखतं' सांगण्यासारखं ते आहे.

बोल्ट लावताना आतला दट्ट्या मागे न अडकता सोबत पुढेच गेला, किंवा दस्त्यावर थाप मारली आणि 'खट्' झालं, तर तिथे विषय संपला. कडी झिजली आहे. त्या बंदुकीत काडतूस घालायचं नाही, 'एकदा बघू' म्हणूनही नाही, झाडाला बांधून लांबून दोरी ओढूनही नाही. सेफ्टी लावली की चालेल, हा भ्रमही नको. सेफ्टी ही कडीची राखण करते. कडीच झिजली असेल तर ती कशाची राखण करणार?

१ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात गेली. कपाटात ठेवताना ते हातातून पडलं, असं त्यांच्याकडून सांगण्यात आलं. शत्रू नाही, झटापट नाही, शिकार नाही, पहाटेची वेळ आणि घर. समाजमाध्यमांवर त्यावर विनोद झाले. मला त्यात विनोदासारखं काही दिसलं नाही. प्रसिद्ध माणूस होता म्हणून आपल्याला कळलं इतकंच.

पुसणं, कोरड्या फडक्याने धूळ काढणं, बंदुकीचं हलकं तेल थेंबभर लावणं हे मालकाचं काम. स्क्रू काढून सिअर हातात घेणं हे नव्हे. स्प्रिंग वाकवून 'कडक' करणं नव्हे. दुसऱ्या बंदुकीचा सुटा भाग ठोकून बसवणं तर अजिबात नव्हे. एकाच मॉडेलचे भागही हाताने जुळवून बसवलेले असतात, सायकलच्या पेडलसारखे ते अदलाबदल होत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ वाचा. निर्मिती, विक्री या शब्दांच्या रांगेतच तिथे 'दुरुस्ती' हाही शब्द आहे. त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. आपल्याकडे असतो तो बाळगण्याचा परवाना, दुरुस्तीचा नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मिती, विक्री, दुरुस्तीच्या गुन्ह्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. गावठी कट्टे बनवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे कलम कडक केलं गेलं हे उघड आहे. पण ओळखीखातर शेजाऱ्याची बंदूक खोलून बसलेला लोहार किंवा वेल्डर त्याच कलमाच्या तोंडाशी उभा राहतो, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. त्याच दुरुस्तीने हवेत आनंदाचे बार उडवणं हाही गुन्हा केला: २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे वरातीत 'चालते का बघू' हाही मार्ग बंद, आणि तो बंदच असायला हवा.

रोही-रानडुकरांबद्दलही एक गैरसमज आहे. पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना आहे म्हणजे जनावर मारायचा परवाना आहे, असं नाही. त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. त्या विषयावर वेगळं लिहावं लागेल, इथे एवढंच.

मग सरळमार्गी माणसाने काय करावं? बंदूक रिकामी, पिशवीत बांधून, परवाना सोबत घेऊन परवानाधारक विक्रेत्या-कारागिराकडे न्यावी, निघण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं, आणि बंदुकीचा क्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ती दुकानात सोडू नये. सांगायला सोपं. पण सेनगाव किंवा औंढ्याच्या बाजारात चालता चालता सापडेल असं हे दुकान नव्हे. दुसऱ्या शहराचा प्रवास, एक दिवस न्यायला, एक दिवस आणायला, मध्ये कितीही दिवस. मजुरीवर सोयाबीन काढणाऱ्या माणसाने हे करावं अशी अपेक्षा कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात तो लोहाराकडेच जातो.

माझी तक्रार इथे आहे. कायद्याने एक दार बंद केलं, ते बरोबरच केलं. पण दुसरं दार जिल्ह्यात उघडलं नाही.

वजनकाट्याला शिक्का, बंदुकीला काय?

वसमतच्या किंवा हिंगोलीच्या मोंढ्यात हळद ज्या काट्यावर मोजतात, त्या काट्याची वैधमापन विभाग ठरावीक मुदतीने पडताळणी करतो, शिक्का मारतो. प्रवासी रिक्षाला फिटनेस लागतं. बंदुकीचा परवाना २०१९ पासून ३ ऐवजी ५ वर्षांसाठी मिळतो. नूतनीकरणाला मुख्य प्रश्न ओळखीचा असतो: क्रमांक जुळतो का, नाव कोणाचं, गुन्हा आहे का. हे सगळं माणसाबद्दल विचारलं जातं. त्या यंत्राची कडी झिजली आहे का, हा प्रश्न नाही. पाच वर्षं म्हणजे पाच पावसाळे.

गंमत बघा. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या माळावर लायगो प्रकल्प उभा राहतोय. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल मोजण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. आणि इथल्या परवानाधारकाला आपला चाप किती किलोला सुटतो हे मोजून घ्यायची सोय हाताशी नाही. त्यासाठी लागतो तो ताणकाटा, हुकाचा, मासळीवाल्याकडे असतो तसा.

उपाय नवा शोधायची गरज नाही. राखीव पोलीस बलाचा गट इथे आहे, जिल्हा पोलिसांचं शस्त्रागार इथे आहे. शस्त्रांची देखभाल जाणणारी माणसं तिथे असतातच, ती नसतील तर सरकारी शस्त्रंही चालणार नाहीत. वर्षातून एकदा, तालुक्याला एक दिवस, त्यांच्याकडून परवान्याच्या बंदुकांची तपासणी व्हावी. दुरुस्ती नव्हे, फक्त तपासणी. बोल्ट लावल्यावर कडी धरते का, थाप मारल्यावर निसटते का, सेफ्टी अडवते का, चाप किती ताणाला सुटतो. चार गोष्टी, दहा मिनिटं. जी नापास होईल तिच्या परवान्यावर 'दुरुस्तीपर्यंत वापरास अयोग्य' एवढी नोंद.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पोलिसांना आधीच कामं कमी आहेत का? खरं आहे, कमी नाहीत. बंदोबस्त, सण, मोर्चे, सगळं त्यांच्याच अंगावर. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पोलिसांनी 'पास' केलेली बंदूक उद्या फुटली तर जबाबदार कोण? म्हणूनच मी दुरुस्ती म्हणत नाही आणि 'सुरक्षित आहे' असं प्रमाणपत्रही म्हणत नाही. नापास करण्याचा अधिकार पुरेसा आहे. डॉक्टर तपासून 'ताप आहे' म्हणतो, 'उद्या येणार नाही' असं लिहून देत नाही.

आणि वेगळा दिवस काढणं जमत नसेल, तर आणखी सोपी वेळ आहे. निवडणूक लागली की छाननी समिती ज्यांची नावं काढते, त्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. २०२४ च्या लोकसभेला १६ मार्चला आचारसंहिता लागली, हिंगोलीत २६ एप्रिलला मतदान झालं, आचारसंहिता उठली जूनमध्ये. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. म्हणजे एका वर्षात दोनदा या बंदुका आठवडेच्या आठवडे पोलिसांच्याच खोलीत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मालकाने रजा काढायला नको, कुणी प्रवास करायला नको, काडतूस जवळ असण्याचा प्रश्न नाही. नोंदवहीत क्रमांकाचा रकाना आहे, मालकाच्या सहीचा रकाना आहे. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखायचा: कडी धरते, होय की नाही.

तोवर ज्यांच्या कपाटात अशी बंदूक आहे त्यांनी आज एवढं करावं: काडतुसं वेगळी काढावीत, बोल्ट काढून वेगळ्या कुलपात ठेवावा, आणि युट्यूबवर जतन करून ठेवलेला कानशीचा तो व्हिडिओ उडवून टाकावा.